वर्षावासात भन्तेजी आपल्या विहारात: भोजनदान, चीवर, शिबिर... तुमच्याकडची रीत लिहा

आषाढ पौर्णिमा जवळ आली की दापोडी-बोपोडीपासून येरवडा, देहूरोडपर्यंत विहारांत भोजनदानाची वही फिरू लागते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एकाच ठिकाणचा मुक्काम, बसतो, तो अश्विन पौर्णिमेपर्यंत. भिक्खूचे 227 नियम हा त्याचा एकट्याचा मामला आहे, असं आपण धरून चालतो. पण हातात दिल्याशिवाय त्याला घासही तोंडात घालता येत नाही. म्हणजे यातले कितीतरी नियम पाळले जातात की मोडतात, हे देणाऱ्यावर ठरतं. तेव्हा वेळ, माप, क्रम आणि कुठे चुकतं ते लिहा. पुण्यात राहून पुण्याची यादी मात्र नको.

बोपोडीची उपासिका

भोजनदानात पदार्थ बिघडत नाहीत, वेळ बिघडते. भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, म्हणून जेवण 11ला पानात पडलं पाहिजे. त्याआधी त्रिशरण-पंचशील आणि दानाचा संकल्प यात 15-20 मिनिटं जातात, म्हणून भन्तेंना (भिक्खूंना आपण असंच म्हणतो) साडेदहाला आणा. घरचे पाहुणे, फोटो, सत्कार सगळं जेवणानंतर. धम्मदेसना (प्रवचन) आणि पुण्यानुमोदन (दानाचं पुण्य सगळ्यांना वाटणं) हेही नंतरच.

पाच भन्ते आणि वीस माणसं असतील तर अडीच किलो तांदूळ, सव्वा किलो डाळ, साठ-सत्तर पोळ्या पुरतात. तिखट बेताचं ठेवा. मधुमेह, रक्तदाब आदल्या दिवशीच विचारून घ्या. समोर खीर आल्यावर भन्ते नको म्हणत नाहीत आणि मग संध्याकाळी साखर वाढते. रात्रीचं जेवण नाही, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून तशा बसवून घ्याव्या लागतात.

बसवताना वय पाहू नका, भिक्खू झाल्यापासून किती वर्षावास झाले ते विचारा. पस्तिशीतले भन्ते बारा वर्षावासांचे असतील आणि साठीत दीक्षा घेतलेले दोन वर्षावासांचे, तर पहिलं आसन पस्तिशीतल्यांचं. वाढपही त्याच क्रमाने.

कप्पियकारक

ताईंनी वाढपापर्यंत आणलंय, पुढचं मी लिहितो. भिक्खूला नियमात बसेल असं करून देणारा तो कप्पियकारक. टेबलावर सगळं मांडून "घ्या भन्ते" म्हटलं की दान झालं असं नाही. अर्पण व्हायला पाच गोष्टी लागतात: वस्तू एका माणसाला उचलता येईल एवढीच असावी, देणारा हाताच्या टप्प्यात, म्हणजे अडीच हातांच्या आत असावा, देतोय हे त्याच्या हालचालीतून दिसावं, हातातून, भांड्यातून किंवा पळीने द्यावं, आणि भिक्खूने हाताने किंवा पात्राने ते घ्यावं. भाताचं पातेलं दोघांनी उचलावं लागत असेल तर ते लहान भांड्यांत काढा. दिलेलं ताट मध्येच कुणी "जरा सरकवतो" म्हणून उचललं, तर ते पुन्हा हातात द्यायची रीत आहे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण पुण्याच्या वन-बीएचकेत ताटं सरकवल्याशिवाय माणूस पलीकडे जात नाही.

फळांचं वेगळं. रुजू शकेल असं बी असलेलं फळ भिक्खूने स्वतः फोडायचं नसतं. ताट समोर ठेवलं की भन्ते म्हणतात "कप्पियं करोहि", म्हणजे नियमात बसेल असं कर. आपण एका फळाला सुरीचं टोक लावायचं आणि म्हणायचं "कप्पियं भन्ते". फळं एकमेकांना टेकलेली असली तर एकालाच सुरी लावून भागतं. पेरू, डाळिंब, टोमॅटो हे यात येतात. केळ्याला बी नाही, तिथे उगाच सुरी चालवू नका.

आज हातात घेतलेलं अन्न भिक्खूला उद्या खाता येत नाही. कच्चं धान्य त्यांनी घ्यायचंच नसतं. म्हणून तांदूळ-डाळीची पोती भन्तेंच्या खोलीत नेऊन ठेवू नका, विहाराच्या कोठीत उपासकाच्या ताब्यात द्या. तूप, लोणी, तेल, मध, गूळ ही औषधं म्हणून सात दिवस जवळ ठेवता येतात. दुपारनंतर गाळलेलं सरबत किंवा बिनदुधाचा चहा. दुधाचा चहा बहुतेक परंपरांत नाही, आणि आपण नेमका तोच आग्रहाने पुढे करतो.

पालीचा विद्यार्थी

वेळेबद्दल एक भर. विनयातला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांतला, मध्यान्ह सूर्याचा आहे, मनगटावरचा नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. पुणे पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपण जवळजवळ 35 मिनिटं मागे. त्यामुळे पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो जुलैत सुमारे 12:40ला, ऑक्टोबरच्या मध्यावर 12:20च्या आसपास.

बोपोडीची उपासिका

हिशेब बरोबर असेल, पण तो यजमानाच्या कानावर घालू नका. बाराची भीती गेली की कुकर बाराला चढतो. शिवाय बरेच भन्ते घड्याळाचे बाराच पाळतात.

सुईदोरा

अश्विन पौर्णिमेला पवारणा, म्हणजे वर्षावासाच्या समाप्तीचा भिक्खूंचा विधी, झाली की कार्तिक पौर्णिमेपर्यंत महिनाभर फलकांवर "कठिन चीवरदान" (चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र). त्यातलं पुष्कळसं साधं चीवरदान असतं. साधं दान वाईट नाही, पण नाव चुकीचं लावू नये. कठिन, म्हणजे या महिन्यात संघाला द्यायचं खास चीवराचं कापड, एका विहारात वर्षातून एकदाच. चार भिक्खूंचा संघ आणि पाचवा घेणारा, म्हणून किमान पाच लागतात. एकच भन्ते वर्षावासाला असतील तर काही परंपरा बाहेरचे भिक्खू बोलावून संख्या पुरी करतात, काहींना ते मान्य नाही. आपल्या भन्तेंना आधी विचारा. कापड संघाला द्यायचं, एका भन्तेंना नव्हे. ते कुणाला द्यायचं हे संघ ठरवतो. कापड, शिवण, रंग सगळं त्याच दिवसात उरकायचं असतं. दुपारी तीनला कापड आणून दिलं तर भिक्खूंना रात्रभर दिव्याखाली बसावं लागेल.

माप: उत्तरासंग (अंगावर घ्यायचं वरचं चीवर) साधारण 2 बाय 3 मीटर, उंचीप्रमाणे कमीजास्त. खंड विषम: पाच, सात, नऊ. मगधातल्या बांध घातलेल्या शेतांवरून बुद्धांचे शिष्य आनंद यांनी ही आखणी केली, म्हणून चीवर नीट पसरलं की वाफे दिसतात. संघाटी, म्हणजे बाहेरचं जाड चीवर, दुहेरी. आखूड चीवर ही नेहमीची तक्रार. सहा फुटी भन्तेंना सरसकट माप दिलं की खांदा झाकताना घोटे उघडे पडतात. नवं चीवर वापरण्याआधी भन्ते कोपऱ्यात निळ्या, चिखली किंवा काळपट रंगाचा ठिपका देतात. तो डाग समजून धुवायला घेऊ नका.

जादा चीवर जवळ ठेवायची मुदत दहा दिवस. एका भन्तेंना एका हंगामात पंधरा चीवरं आली तर ती अडचण झाली. चादर, छत्री, रेनकोट, चष्म्याचा नंबर: विचारून द्या.

देहूरोडहून

बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954ला जिथे बुद्धमूर्ती बसवली त्या गावचे आम्ही, त्यामुळे शिबिरांना तोटा नाही. मुलांना दहा दिवस श्रामणेर (दहा शीलं पाळणारा शिकाऊ भिक्खू) करणारं शिबिर घेणाऱ्यांसाठी थोडक्यात:

आईवडिलांची संमती लेखी घ्या. मुंडणाला प्रत्येकाला नवं ब्लेड. एकच वस्तरा तीस डोक्यांवर फिरवायचा नाही, त्यातून कावीळ पसरू शकते. मे महिन्यात ताज्या मुंडणावर ऊन भाजतं, म्हणून पिंडपाताची (भिक्षेची) फेरी नऊच्या आत. पहिल्या दोन संध्याकाळी पोरं भुकेने कळवळतात, तेव्हा गूळ-पाणी, गाळलेलं लिंबू सरबत द्या. बिस्किटं नाहीत. दहावं शील सोन्याचांदीचं, म्हणजे पैशाचं. फोन जमा करताना त्यातलं पैशाचं ॲपही गेलं. शेवटच्या दिवशी चीवर उतरवून पुन्हा पंचशील द्यायला विसरू नका, नाहीतर मुलं नुसती कपडे बदलून घरी जातात.

कप्पियकारक

पैशाचा विषय निघालाच आहे. भिक्खूने पैसे घेणं निस्सग्गिय पाचित्तियात (वस्तू सोडून देऊन दोष कबूल करावा लागतो अशा नियमांत) येतं, तरी परित्राण पाठ (रक्षणासाठी म्हणायची सुत्तं) संपला की पाकीट पुढे होतं. प्रवासाला लागतात म्हणून अनेक भन्ते घेतातही. त्यांना दोष देण्याआधी एसटीचं तिकीट आपण काढून दिलं का ते पाहावं. सरळ पद्धत अशी: रक्कम विहाराच्या खात्यात किंवा जबाबदार उपासकाकडे, पावतीसह. भन्तेंना फक्त सांगायचं, "औषध, प्रवास, चष्मा, काही लागलं तर अमक्यांना सांगा." हे आमंत्रण औषधापुरतं असेल आणि मुदत सांगितली नसेल, तर ते चार महिने चालतं. म्हणजे वर्षावास निभतो.

लेणीवाला

कार्ल्याला सहल नेणाऱ्यांनी चैत्यगृहाचे खांब दाखवून परत फिरू नये. तिथे उषवदाताचा लेख आहे, क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा. वलूरक (कार्ल्याचं जुनं नाव) लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक गाव दिलं. भोजनदानाची वहीच ती, फक्त दगडावरची, आणि दाता एक-एक दुपार न देता अख्खं गाव देणारा.

भाज्याला 14 स्तूपांचा गट आहे, पाच आत आणि नऊ बाहेर. काहींवर थेरांची (ज्येष्ठ भिक्खूंची) नावं कोरली आहेत. पावसात तिथली पायरी निसरडी होते. वयस्क भन्तेंना न्यायचं असेल तर सकाळी लवकर निघा आणि जेवण खालीच, अकराच्या आत.