जर्मनीत शिकताना काम: थोडी माहिती

जर्मनीत शिकताना ‘आठवड्याला 20 तासच काम करता येतं’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. व्हिसाचा हिशोब दिवसांचा: वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस (मार्च 2024 आधी 120 आणि 240). 20 तासांची मर्यादा मुख्यतः आरोग्य वगैरे विम्यासाठी. विद्यापीठातलं सहायकाचं काम या दिवसांत धरत नाहीत, म्हणून आधी प्राध्यापकांनाच विचारा. मी बेकरीत पहाटे पाचची पाळी केली; पिठाने माखलेल्या हातांनी ‘नोख एत्वास?’ (आणखी काही?) विचारत जी भाषा आली, ती क्लासात आली नव्हती. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, त्या काळात कुठलंही काम चालतं. पण जर्मन पहिल्या सेमिस्टरपासूनच शिका, कळकळीने सांगतोय.