पीटीसीईसाठी पुस्तक कोणतं घ्यावं? (फार्मसी टेक्निशियन, अमेरिका)

नवी_पाटी

नमस्कार मंडळी. बी.फार्म 2012, सध्या टेक्सास. राज्याच्या फार्मसी बोर्डाकडे टेक्निशियन ट्रेनी म्हणून नोंदणी झाली आहे. ती दोन वर्षं चालते, त्याआधी सर्टिफिकेशन हवं, म्हणून पीटीसीबी या सर्टिफिकेशन मंडळाची परीक्षा (पीटीसीई) द्यायची आहे. (2003 नंतरची चार वर्षांची पदवी एफपीजीईईला, म्हणजे परदेशी फार्मसी पदवीधरांच्या परीक्षेला, चालत नाही हे माहीत आहे, त्यामुळे फार्मासिस्ट होण्याच्या सल्ल्याकडे धागा वळवू नये ही विनंती.)

समोर तीन गोष्टी आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात 2015 चं जाडजूड पाठ्यपुस्तक आहे, 12 डॉलर, अगदी कोरं. दुसरं म्हणजे नव्या आवृत्तीचं तीनशे पानी सराव-पुस्तक, त्यात सात चाचण्या. आणि तिसरी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी पीडीएफ, हजार प्रश्न उत्तरांसकट, फुकट. भरवशाचं कोणतं हे ओळखायचं कसं? रिव्ह्यू वाचून काही कळत नाही, जिथे बघावं तिथे पाच तारे.

खलबत्ता

तारे राहू द्या. आधी पीटीसीबीच्या साइटवरून परीक्षेचा आराखडा उतरवून घ्या. फुकट आहे, चार पानंसुद्धा नाहीत. तो हातात धरून पुस्तकाची अनुक्रमणिका उघडा.

2019 पर्यंत या परीक्षेचे नऊ विभाग होते. विम्याचं बिलिंग आणि फार्मसीतली संगणक प्रणाली हेही त्यात वेगवेगळे विभाग म्हणून असायचे. 1 जानेवारी 2020 पासून चारच उरले: औषधं, केंद्रीय कायदे, रुग्णसुरक्षा व गुणवत्ता, आणि ऑर्डर नोंदवून औषध भरून देणं. तुमचं 12 डॉलरचं पुस्तक नऊ विभागांच्या काळातलं आहे. बिलिंगवर त्यात भरभरून पानं असतील, जी आता तुमच्या काही कामाची नाहीत.

2026 च्या जानेवारीत टक्केवारी पुन्हा हलली. औषधांचा वाटा 40 वरून 35 वर आला आणि केंद्रीय कायद्यांचा 12.5 वरून 18.75 वर गेला. पेपरात 90 प्रश्न असतात, त्यातले 80 गुणांचे, बाकीचे 10 नुसते चाचपणीचे (कोणते ते सांगत नाहीत). म्हणजे कायद्याचे 10 प्रश्न होते ते 15 झाले. कायदा आठ-दहा पानांत उरकणारं पुस्तक नवं कोरं असलं तरी परत ठेवा.

पुस्तकाचं खरं वय मुखपृष्ठावरच्या सालावरून कळत नाही. बरेचदा मजकूर जुना आणि कव्हर तेवढं नवं असतं. म्हणून मागची सूची उघडा आणि हे शोधा.

डीईए फॉर्म 222. डीईए म्हणजे अमली औषधांवर नियंत्रण ठेवणारी केंद्रीय संस्था. शेड्यूल 2 ची, म्हणजे कडक नियंत्रणातली, औषधं मागवायचा हा फॉर्म पूर्वी तीन प्रतींचा, कार्बनवाला होता. तपकिरी प्रत पुरवठादाराकडे, हिरवी डीईएकडे, निळी आपल्याकडे. 30 ऑक्टोबर 2021 नंतर तो बाद झाला, आता एकच पान असतं आणि त्याची नक्कल काढून आपण जवळ ठेवायची. निळी-हिरवी शिकवणारं पुस्तक जुनं.

रॅनिटिडिन. 2020 च्या एप्रिलमध्ये एफडीएने (औषध नियामक संस्था) हे ॲसिडिटीचं औषध अमेरिकेच्या बाजारातून काढायला लावलं. आज झँटॅक 360 या नावाने जे मिळतं त्यात फॅमोटिडिन असतं. पुस्तकातल्या 'टॉप 200' (सर्वाधिक वापरातली औषधं) यादीत झँटॅकसमोर अजून रॅनिटिडिन दिसलं, तर बाकीची यादीही कुणी तपासलेली नाही असं समजा.

यूएसपी 797, म्हणजे निर्जंतुक औषधं बनवण्याचे नियम. जुन्यात कमी, मध्यम, जास्त जोखीम अशी वर्गवारी होती. 1 नोव्हेंबर 2023 पासून कॅटेगरी 1, 2 आणि 3.

आणि सगळ्यात सोपी खूण पहिल्याच प्रकरणात सापडते. परीक्षेला बसायला 'हायस्कूल पास असणं पुरे' असं लिहिलं असेल तर पुस्तक 2020 पूर्वीचं. आता पीटीसीबीने मान्य केलेला अभ्यासक्रम तरी लागतो, नाहीतर निदान 500 तासांचा कामाचा अनुभव. नुसतं पुस्तक वाचून परीक्षेला बसता येत नाही, तेव्हा तुमचे तास भरले आहेत का ते पुस्तकाच्या आधी बघा.

पीडीएफबद्दल: कुणी, कधी, कोणत्या आराखड्यावरून लिहिली याचा पत्ता नाही. त्यात 'परीक्षेत आलेले खरे प्रश्न' असा दावा असेल तर फोनमधून काढूनच टाका. परीक्षेला बसताना गोपनीयतेची अट मान्य करावी लागते, आणि ती मोडल्याचं प्रकरण सर्टिफिकेटवर शेकतं.

अर्धी_गोळी

खलबत्ता यांनी वय तपासायचं सांगितलं. त्याच्या जोडीला गणित तपासा. माझ्या मते सराव-पुस्तकाचा कस तिथेच लागतो, कारण उत्तरसूचीतल्या चुका तिथे लपत नाहीत. कोणत्याही चाचणीतली वीस गणितं कागदावर स्वतः सोडवा, मग मागचं उत्तर बघा. एखादी छापण्याची चूक चालते. तीन-चार निघाली तर पुस्तक ठेवून द्या.

नमुना म्हणून: मूल 44 पौंडांचं, अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे 40 मिग्रॅ, दोन डोसांत विभागून, सस्पेन्शन 5 मिलीत 400 मिग्रॅ, 10 दिवस. 44 भागिले 2.2 म्हणजे 20 किलो. दिवसाचे 800 मिग्रॅ, एका वेळचे 400, म्हणजे 5 मिली. दिवसाला 10, एकूण 100 मिली. चांगलं पुस्तक इथे थांबून सांगतं की 2.2 ने गुणलं तर मूल 96.8 किलोचं होतं, आणि '10 मिली' हा पर्याय मुद्दाम कुणासाठी ठेवलेला असतो (दोन डोसांत विभागायला विसरणाऱ्यासाठी). नुसतं 'उत्तर: ब' छापणाऱ्या पुस्तकातून आपण नेमकं कुठे चुकलो ते कळत नाही.

ॲलिगेशन (दोन तीव्रता मिसळून तिसरी करायचं गणित) बघा. 70 टक्के आणि 20 टक्के अल्कोहोल मिसळून 50 टक्क्यांचं 500 मिली करायचं. 50 वजा 20, म्हणजे 70 टक्केवाल्याचे 30 भाग. 70 वजा 50, म्हणजे 20 टक्केवाल्याचे 20 भाग. एकूण 50 भाग, एका भागाला 10 मिली. 300 मिली आणि 200 मिली. पडताळा: 210 अधिक 40 बरोबर 250, म्हणजे 500 चे 50 टक्के. चौकटीतली तिरकी वजाबाकी सगळीच पुस्तकं दाखवतात, पण हा पडताळा जे दाखवतं ते घ्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे भागांची अदलाबदल, आणि ती पडताळ्यात लगेच पकडली जाते.

मग गृहीतकं. डोळ्यांचे थेंब, 5 मिलीची बाटली, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब दिवसातून दोनदा. मिलीला 20 थेंब धरले तर 100 थेंब भागिले 4, म्हणजे 25 दिवस. 15 धरले तर 18 दिवस. पुस्तकाने किती धरले ते लिहिलेलंच नसेल तर उत्तर जुळूनही उपयोग नाही. ग्रेनचंही तसंच. 5 ग्रेन म्हणजे 325 मिग्रॅ (इथे ग्रेन 65 चा), पण नायट्रोग्लिसरिनची 1/150 ग्रेनची गोळी 0.4 मिग्रॅची (इथे ग्रेन 60 चा). दोन्ही चालतात. 'ग्रेन म्हणजे 60 आणि विषय संपला' म्हणणारं पुस्तक आळशी माणसाने लिहिलेलं आहे.

पानसुपारी

नवी_पाटी, तुम्ही बी.फार्म आहात म्हणून जरा वेगळं सांगते. तुम्हाला जाड पुस्तक नको. औषध शरीरात काय करतं हे तुम्ही या परीक्षेला लागतं त्याहून जास्तच शिकला आहात. अडायला होतं ते नावांपाशी. आपलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड ते ग्लायब्युराइड, पेथिडीन ते मेपेरिडीन, रिफॅम्पिसिन ते रिफॅम्पिन, ॲड्रेनॅलिन ते एपिनेफ्रिन. पर्यायांत ओळखीचं नाव दिसलं नाही की येत असलेलं उत्तर सुटतं. म्हणून ज्याच्या सूचीत ब्रँड आणि जेनेरिक दोन्ही नावांनी शोधता येतं असंच पुस्तक घ्या. क्रोसिन-कॉम्बिफ्लाम विसरा, टायलेनॉल-ॲडव्हिल पाठ करा.

दुसरं, शेड्यूल. आपले एच, एच1, एक्स डोक्यातून काढा. इथे डीईएचे 1 ते 5. शेड्यूल 2 ला रिफिल नाही. 3 आणि 4 ला सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच. हायड्रोकोडोन असलेल्या मिश्र गोळ्या 6 ऑक्टोबर 2014 पासून शेड्यूल 2 मध्ये गेल्या, ट्रामाडॉल त्याच वर्षी शेड्यूल 4 मध्ये आलं. हेही जुन्या पुस्तकात चुकलेलं सापडेल, कारण 2015 सालचा शिक्का असलेल्या पुस्तकाचा मजकूर त्याआधीच लिहून झालेला असतो. स्यूडोएफेड्रिनची मर्यादा ग्रॅममध्ये द्यायला हवी: दिवसाला 3.6, तीस दिवसांत 9. 'ठराविक प्रमाणातच विक्री' असं मोघम लिहिलेलं असेल तर पान उलटा.

अर्धी_गोळी

जाड पुस्तक अगदीच नको, याला माझी हरकत आहे. फार्माकोलॉजी बी.फार्ममध्ये झाली, पण अमेरिकेचा कायदा आणि रिकॉल (औषध परत मागवणं), आरईएमएस (धोकादायक औषधांसाठीच्या सुरक्षा योजना) यांसारख्या गोष्टी कुठे झाल्या? सराव-पुस्तकात आयप्लेजला (मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनसाठीची अशी योजना) एक ओळ मिळते. तेवढ्यावर 'आयसोट्रेटिनॉइन देण्याआधी फार्मसीने काय करायचं' हा प्रश्न सुटत नाही. पाठ्यपुस्तक विकत घेऊ नका हवं तर. लायब्ररीतून नवी आवृत्ती आणा आणि कायदा व सुरक्षा ही दोनच प्रकरणं वाचा.

डॉक्टरांच्या डीईए नंबरची (दोन अक्षरं, मग सात अंक) खातरजमाही तिथेच नीट समजावलेली असते. पहिला, तिसरा, पाचवा अंक मिळवा. दुसरा, चौथा, सहावा मिळवून दुप्पट करा. दोन्हींच्या बेरजेचा शेवटचा अंक हाच सातवा अंक. 1234563 घ्या: 1+3+5 = 9, 2+4+6 = 12 आणि दुप्पट 24, बेरीज 33, शेवटी 3. जुळलं. दुप्पट करायची ती फक्त दुसरी बेरीज, घाईत लोक दोन्ही दुप्पट करतात. अंकांआधीच्या दोन अक्षरांपैकी दुसरं बहुधा डॉक्टरांच्या आडनावाचं पहिलं असतं.

पानसुपारी

लायब्ररीतून दोन प्रकरणं, मान्य.

सुरक्षेच्या विभागाला मात्र पुस्तकापेक्षा आयएसएमपीच्या (औषधांतल्या चुका टाळण्यासाठी काम करणारी संस्था) याद्या बऱ्या, त्याही फुकट. हाय-अलर्ट औषधं, एकसारखी दिसणारी नावं (हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन, एक रक्तदाबाचं, एक खाजेचं) आणि टाळायची संक्षिप्त रूपं. 'युनिट' साठी नुसतं यू लिहिलं तर ते शून्य वाचलं जातं आणि 4 युनिट इन्सुलिनचे 40 होतात. पुस्तक स्वतःच उदाहरणांत ते यू वापरत असेल तर काय समजायचं ते समजा.

डबा_बाटली

छोटी सूचना. जुनं पुस्तक घेताना आत ऑनलाइन चाचण्यांचा कोड आहे का, आणि तो खरवडलेला आहे का ते बघा. कोड एकदाच चालतो. ज्या पुस्तकाच्या सातपैकी पाच चाचण्या ऑनलाइन आहेत ते वापरलेलं घेतलं तर हातात दोनच उरतात. आणि निदान एक चाचणी घड्याळ लावून, पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरने द्या. 90 प्रश्नांना 110 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटाहूनही किंचित कमी. ॲलिगेशनला त्यातून दोन मिनिटं जातात, ती नावांच्या प्रश्नांतून वाचवावी लागतात. पीटीसीबीची स्वतःची सराव परीक्षाही आहे, पैसे पडतात, पण ती शेवटच्या दोन आठवड्यांसाठी ठेवा. पुस्तकातल्या चाचणीत 80 टक्के मिळाले म्हणजे पास व्हायला लागणारे 1400 पार होतीलच असा हिशेब करू नका. गुण 1000 ते 1600 या मोजपट्टीवर देतात, टक्क्यांत नाही.

नवी_पाटी

सगळ्यांचे आभार. 2015 चं पुस्तक दुकानात चाळलं. नऊ विभाग, झँटॅकसमोर रॅनिटिडिन, आणि फॉर्म 222 च्या तीन रंगांचा चक्क फोटो. ठेवून दिलं. पीडीएफ काढून टाकली. सराव-पुस्तकातली वीस गणितं सोडवली, एकोणीस जुळली. एक अडलंय: इन्सुलिनची 10 मिलीची व्हायल, यू-100 (मिलीला 100 युनिट), रोज 35 युनिट, किती दिवसांचा पुरवठा? माझं 28.57, म्हणजे 29. पुस्तकात 28. ही छापण्याची चूक धरू का?

अर्धी_गोळी

नाही, पुस्तक बरोबर आहे. व्हायलमध्ये 1000 युनिट. 28 दिवसांत 980 संपतात, उरतात 20. एकोणतिसाव्या दिवशी 35 लागणार, तेवढे नाहीत. दिवसांचा पुरवठा काढताना अपूर्णांक कितीही मोठा असो, खालचाच आकडा घ्यायचा. वर नेला तर विमा पुढचं रिफिल एक दिवस उशिरा सोडतो आणि पेशंटकडे एका दिवसाचं इन्सुलिन कमी पडतं. हे कारण पुस्तकाने उत्तराखाली दिलंय का बघा. दिलं असेल तर तेच घ्या.

नवी_पाटी

दिलंय, दोन ओळींत. मीच वाचलं नव्हतं. घेते.