मदत हवी आहे: सीएचा दाखला बँकेने परत केला, तक्रार कुठे करायची?

मागवाला_इचल: सीसी लिमिटचं (बँकेच्या खेळत्या कर्जाच्या मर्यादेचं) रिन्यूअल अडकलंय. उलाढालीच्या दाखल्यावरचा यूडीआयएन (सीएच्या दाखल्याचा ओळख क्रमांक) ऑनलाइन सापडत नाही म्हणून बँकेने कागद परत दिला. आमचा सीए फोन उचलत नाही. सूतवाल्याचं पेमेंट थांबलंय. तक्रार कुठे करायची? लवकर सांगा.

हिशेबनीस: दादा, सही कुणाची आहे? यूडीआयएन 18 अंकाक्षरांचा असतो. पहिले दोन वर्षाचे, पुढचे सहा सही करणाऱ्याचा सदस्य क्रमांक. शिक्क्यावरच्या नंबराशी जुळतो का?

बँकवाले_काका: सरळ सीए बदला. जुन्याची एनओसी तेवढी घ्या, नाहीतर नवा हात लावत नाही.

हिशेबनीस: काका, एनओसीची सक्ती कायद्यात नाही. नव्या ऑडिटरने काम घेण्याआधी जुन्याला लेखी कळवायचं, एवढंच. आणि इथे ऑडिट नाही, दाखला आहे.

बँकवाले_काका: कागदावर काहीही असो, मागतात सगळे.

सेक्रेटरी_बी_विंग: आमच्या सोसायटीचा ऑडिटर सहकार खात्याच्या पॅनेलवरचा आहे, तोही रिपोर्ट देत नाही. रजिस्ट्रारकडे जावं का?

पुणेकर७: मागवाला, एनएफआरएकडे (ऑडिटरांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) जा. आयसीएआय, म्हणजे सीएंचीच संस्था, आपल्याच माणसांवर काय कारवाई करणार?

हिशेबनीस: एनएफआरए 2018 पासून आहे, पण ती लिस्टेड आणि मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटसाठी. मागवाल्याचं तिथे काय काम? सही कुणाची ते सांगा आधी.

मागवाला_इचल: शिक्का कोल्हापूरच्या सीएचा आहे. आमचा माणूस टॅक्स कन्सल्टंट, वडिलांपासून रिटर्न तोच भरतो, सगळे त्याला सीएच म्हणतात. नंबर जुळत नाही.

हिशेबनीस: हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं. आयसीएआयची शिस्तीची कारवाई फक्त सदस्यांवर होते, कन्सल्टंटवर नाही. कोल्हापूरच्या सीएंना थेट विचारा. सही त्यांची असेल आणि काही न तपासता केली असेल, तर 1949 च्या सीए कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातलं गैरवर्तन आहे. फॉर्म १ भरून, 2500 रुपये फी भरून आयसीएआयच्या शिस्त संचालकांकडे तक्रार करा. सही त्यांची नसेल तर मामला पोलिसांचा.

मागवाला_इचल: फोन लागला. असा दाखला दिलाच नाही म्हणतात. कागद घेऊन उद्या ऑफिसला बोलावलंय. बँकेला काय सांगू?

हिशेबनीस: त्यांच्याकडून तेच लेखी घ्या. बँकेला सगळं खरं सांगून मुदत मागा आणि दुसऱ्या सीएला वह्या, जीएसटी रिटर्न दाखवून नवा दाखला काढा. यूडीआयएन त्यांच्यासमोरच पोर्टलवर तपासा, मगच बँकेत जा. तक्रारीला वेळ लागतो, लिमिट तिच्यासाठी अडवू नका.