पितळेत भोक पाडताना बिट आत ओढलं जातं, काय करू?

वाडेकर_सातारा: जुन्या दाराला पितळी कड्या बसवतोय. 10 मिमी जाड पट्टीत 6 मिमीचं भोक छान पडलं. तेच मोठं करायला 8 चं बिट लावलं, तर ते स्क्रूसारखं आत घुसलं, पट्टी हातातून सुटली आणि बिट मोडलं. साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट, हँड ड्रिल. कुठलं बिट घेऊ? बजेट 500 रुपये.

खटपट्या: 500 मध्ये काय होतंय? सरळ बेंच ड्रिल घ्या. माझ्याकडे 13 मिमी चकचं (बिट पकडणाऱ्या जबड्याचं) आहे. पैसे गेले, पण कटकट मिटली.

फिटर_इचलकरंजी: कोबाल्ट बिट, म्हणजे कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाचं. मी दुसरं हातात धरत नाही.

लेथवाले_काका: कोबाल्टनं ओढणं थांबणार नाही, कारण धारेचा कोन तोच राहतो. साध्या बिटाच्या खाचेला साधारण 30 अंशांचा पीळ असतो. त्या तिरक्या धारेनं पोलाद कापतं, पण पितळेत ती धातूखाली शिरते आणि बिटाला पुढे खेचते. त्यात मधलं भोक आधीच पाडलेलं, म्हणजे बिटाला अडवायला मध्ये काहीच नाही. म्हणून 6 चं 8 करतानाच झटका बसला.
नवीन बिट नको, आहे त्याचीच धार मारा, म्हणजे जराशी बोथट करा. बारीक ऑईलस्टोन (धार लावायचा दगड) बिटाच्या लांबीला समांतर धरून खाचेच्या बाजूनं दोन्ही धारांवर हलकेच घासा. केसाएवढी चपटी पट्टी चमकायला लागली की थांबा. दोन्हीकडे सारखी हवी. ते बिट पितळेसाठीच वेगळं ठेवा.

नाशिककर७: रॉकेल टाका, आमच्याकडे सगळे टाकतात.

लेथवाले_काका: ॲल्युमिनियमला टाका. पितळ कोरडंच कापावं, त्याचा नुसता चुरा पडतो.

पंपवाला: काका, तुमचं ऐकून कोणी फॉस्फर ब्राँझच्या (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूच्या) बुशाला धार मारलेलं बिट लावेल! तो धातू चिवट. तिथे बिट तीक्ष्ण धारेचंच हवं, तेल हवं, आणि मध्येमध्ये बाहेर काढून कीस झाडायचा. नाहीतर तापून भोक आवळतं आणि बिट आतच धरून बसतं.

लेथवाले_काका: बरोबर. पण प्रश्न पितळेचा होता.

फिटर_इचलकरंजी: तरी कोबाल्टच.

मीरा_डोंबिवली: पट्टी हातात धरली होती हे कोणी वाचलं का? आमच्या वर्कशॉपमध्ये अशीच सुटलेली पट्टी गरगर फिरून एकाच्या मनगटावर बसली, टाके पडले. आधी पट्टी व्हाइसमध्ये किंवा सी-क्लॅम्पनं घट्ट पकडा, खाली लाकूड. हातमोजे घालू नका, तेही गुंडाळले जातात. बिट पलीकडे निघताना जोर अगदी कमी करा, तिथेही ते ओढतं.

नाशिककर७: काका म्हणतात तसं धार मारून घ्या, मीही तेच सांगणार होतो.

वाडेकर_सातारा: सगळ्यांचे आभार. 8 चा नादच सोडला. 6 चे पितळी बोल्ट आणले आणि भोकं गोल कानशीनं जराशी सैल केली. पैशांत दोन सी-क्लॅम्प घेतले.

खटपट्या: वाड्याच्या दाराला 6 चा बोल्ट? कडी ओढून बघा एकदा.