द्राक्ष बागायतदारांसाठी संकेतस्थळ सुरू करायचे आहे. पहिले सदस्य कुठून आणावेत?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी,

मी नाशिक शहरात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो. आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात असून ती वडील आणि धाकटा भाऊ सांभाळतात. भावाच्या फोनवर द्राक्षांचे कितीतरी व्हॉट्सॲप गट आहेत आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस लांबला की त्या सगळ्यांवर एकच प्रश्न फिरू लागतो: बाग पोंगा अवस्थेत (छाटणीनंतर कोंब फुटण्याच्या वेळी) आहे, रात्री पाऊस झाला, डाउनीसाठी (केवडा या बुरशीजन्य रोगासाठी) आता काय फवारावे? एखादा अनुभवी बागायतदार त्यावर सविस्तर उत्तर लिहितो, परंतु संध्याकाळपर्यंत ते सुप्रभातच्या चित्रांखाली आणि बाजारभावाच्या फॉरवर्डखाली गाडले जाते. पुढच्या वर्षी तोच प्रश्न नव्याने येतो, आणि उत्तर देणारा तोपर्यंत कंटाळलेला असतो.

ही उत्तरे टिकावीत, गुगलवर शोधता यावीत आणि सर्व मजकूर मराठीत असावा, या हेतूने एक संकेतस्थळ उभे करण्याचा विचार आहे. दसऱ्याला उद्घाटन करावे असे मनात आहे. छाटणी, रोग-कीड, खते, पाणी, हवामान, यंत्रे, बाजारभाव, निर्यात, बेदाणा आणि अवांतर गप्पा असे दहा विभाग आखले आहेत. तांत्रिक बाजू मी सांभाळू शकेन. मात्र पहिले शंभर सदस्य कसे आणावेत, ते टिकावेत म्हणून काय करावे आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधी शिरले तर त्यांना कसे आवरावे, याबद्दल अनुभवी लोकांचे मत हवे आहे. प्रवेशासाठी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी पुरेसे ठरेल का, हेही सांगावे.

जुनापुराणा

एका मराठी संकेतस्थळाच्या संपादक मंडळात मी बराच काळ होतो, त्या आधारावर लिहितो.

आधी तांत्रिक भाग उरकून टाकू, कारण त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. संकेतस्थळ उभारण्याच्या प्रणालींपैकी ड्रुपल घ्या किंवा डिस्कोर्स घ्या, दोन्ही मुक्त स्रोत आहेत. मायबोली आणि मिसळपाव या दोन्ही मराठी संकेतस्थळांवर ड्रुपल वापरले गेले. डिस्कोर्स मोबाइलवर अधिक सुटसुटीत वाटते, पण त्याला दोन जीबी रॅमचा सर्व्हर द्यावा आणि त्यातील मराठी भाषांतर कितपत पुरे आहे हे आधी तपासावे. ओटीपीच्या मागे मात्र लागू नका. भारतात एसएमएसने ओटीपी पाठवायचा तर दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर संस्थेची, प्रेषकनामाची आणि संदेशाच्या प्रत्येक नमुन्याची नोंदणी करावी लागते, आणि एकट्या माणसासाठी ही कटकट आहे. बहुतेक शेतकऱ्यांकडे अँड्रॉइड फोन असतो, त्यात गुगल खाते आधीच उघडलेले असते. त्यानेच प्रवेश द्यावा.

आता मुद्द्याचे. दहा विभाग आखू नका. नवख्या माणसाला त्यांतले नऊ ओसाड दिसले, तर गिऱ्हाईक नसलेल्या हॉटेलच्या दारातून परत फिरावे तसा तो परत फिरतो. सुरुवातीला एकच पान ठेवा, ज्यावर सर्वांत ताजा प्रश्न सर्वांत वर दिसेल, आणि एखाद्या विषयावरचे चर्चेचे धागे इतके वाढले की त्यांची गर्दी इतरांना नकोशी होईल, तेव्हाच त्याचा वेगळा विभाग काढा. अवांतर गप्पांचा विभाग पहिल्या वर्षी तर नकोच, कारण मराठी माणूस राजकारणावर हमखास लिहितो आणि छाटणीवर लिहायचे राहून जाते.

पहिल्या शंभर सदस्यांचा हिशोबही सोडून द्या. तुम्हाला पाच-सहा माणसे हवी आहेत जी पहिला हंगामभर रोज येतील आणि कोणत्याही प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर देतील. ज्याच्या पहिल्या प्रश्नाला तीन दिवस उत्तर मिळत नाही, तो दुसरा प्रश्न विचारत नाही. ही माणसे फोन करून, घरी जाऊन, चहा पिऊन मिळवावी लागतात. जाहिरात देऊन मिळत नाहीत.

शंकेखोर

मूळ प्रश्नालाच थोडा विरोध नोंदवतो. व्हॉट्सॲप सोडून शेतकरी संकेतस्थळावर का येईल? गटात प्रश्न टाकला की पाच मिनिटांत कोणीतरी बोलते. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेले ठोकळ प्रमाण प्रसिद्ध आहे: अशा ठिकाणी शंभरांतले नव्वद जण वाचनमात्र राहतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर एकाच्या हातचा असतो. म्हणजे शंभर सदस्य जमवून तुमच्या हाती नियमित लिहिणारा एक माणूस लागणार, आणि तो बहुधा तुम्हीच असाल.

दुसरे असे की, सुरुवातीला ओकेबोके दिसू नये म्हणून स्वतःच वेगवेगळ्या नावांनी प्रश्न विचारायचे आणि स्वतःच उत्तरे द्यायची, हा मार्ग कोणीतरी सुचवेलच. रेडिट या इंग्रजी चर्चास्थळाच्या संस्थापकांनी २००५ मध्ये तसे केल्याचे त्यांनीच पुढे उघडपणे सांगितले आहे. तिथे ते खपून गेले. तुमच्या क्षेत्रात मात्र सगळे एकमेकांना ओळखतात, कोणाची बाग कोणत्या शिवारात आहे हे ठाऊक असते, आणि एक डुआयडी (दुसऱ्या नावाचे खोटे खाते) पकडला गेला की तुमच्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास उडेल.

निफाडची_बागायतदार

वरील चर्चा वाचली. मी स्वतः बाग पाहते, त्यामुळे थोडे वेगळे लिहिते.

शंकेखोर यांचा प्रश्न रास्त आहे, पण व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत मिळणारे उत्तर बहुतेकदा निरुपयोगी असते, कारण प्रश्नच अर्धवट असतो. करपलेल्या पानाचा एक फोटो येतो आणि खाली ‘उपाय सांगा’ एवढेच लिहिलेले असते. वाण थॉमसन की सोनाका, गाव कोणते, छाटणी होऊन किती दिवस झाले, शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली, यांतले काहीच नसते. आमच्याकडे बागेचे वय छाटणीपासूनच्या दिवसांनी मोजतात. बाराव्या दिवसाची बाग आणि फुलोऱ्यातली बाग यांना एकच उत्तर लागू होत नाही. संकेतस्थळावर प्रश्न विचारण्यासाठी एक छोटा अर्ज ठेवा, त्यात छाटणीची तारीख एकदाच भरून घ्या, आणि पुढे त्या सदस्याच्या प्रत्येक प्रश्नावर ‘छाटणीनंतर १८ वा दिवस’ असे आपोआप दिसू द्या. जुनी उत्तरेही त्या दिवसांनुसार शोधता आली, तर मी हंगामात रोज सकाळी ते पान उघडेन. ही सोय व्हॉट्सॲप कधीच देणार नाही.

दसऱ्याचा मुहूर्त मला पटत नाही. तोपर्यंत निफाड-दिंडोरीकडच्या बऱ्याच छाटण्या उरकलेल्या किंवा ऐन भरात असतात, आणि त्या दिवसांत कोणालाही नवे काही शिकायला सवड नसते. बागलाण, कळवण, देवळा या पट्ट्यातील अर्ली (लवकरची) छाटणी त्याच्या बरीच आधी, भर पावसाळ्यात सुरू होते. तिथल्या वीस-पंचवीस बागायतदारांपासून सुरुवात करा. त्यांनी पावसाळ्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आमच्या छाटण्यांच्या वेळी तयार असतील, आणि आम्ही रिकाम्या जागी नव्हे तर भरलेल्या जागी येऊ. एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या (काढणीनंतरच्या छाटणीच्या) वेळी सुरुवात करायचा मोह टाळा, कारण तेव्हा प्रश्न कमी असतात आणि माणसेही हंगामाने दमलेली असतात.

कंपन्यांच्या प्रतिनिधींना बंदी घालू नका. त्यांच्यातले काही जण खरोखर जाणकार असतात. परंतु त्यांच्या नावापुढे ‘विक्रेता’ अशी ठळक खूण ठेवा आणि उत्तरात व्यापारी नावाऐवजी औषधातील मूळ घटक लिहिण्याचा नियम सर्वांना लावा. हा नियम विक्रेत्यांना आवडणार नाही, म्हणूनच तो उपयोगाचा आहे. निर्यात करणाऱ्यांच्या दृष्टीने तर तो अत्यावश्यक आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांवरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा काय झाले हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. अर्धवट माहितीवर दिलेला एक सल्ला अवशेषांच्या तपासणीत माल नापास करू शकतो. म्हणून औषधाच्या प्रत्येक उत्तरात, त्या औषधाला द्राक्षावर लेबल क्लेम (त्या पिकावर वापरण्याची अधिकृत मान्यता) आहे का आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबावे लागते, हे दोन रकाने भरल्याशिवाय उत्तर प्रकाशित होऊ नये. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी पडताळणीसाठी हाताशी ठेवाव्यात.

कायदेपंडित_नाही

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ७९ मुळे सदस्यांनी लिहिलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाच्या चालकाला संरक्षण मिळते, पण ते बिनशर्त नाही. २०२१ च्या नियमांनुसार वापराच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर दिलेला असावा लागतो. मजकूर हटवण्याच्या आणि तक्रारी सोडवण्याच्या मुदतींत बदल होत असतात, तेव्हा सुरुवात करताना चालू नियमावली वाचून घ्यावी. शिवाय २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा लक्षात घेता गट क्रमांक, क्षेत्रफळ, उत्पन्न असे काहीही गरज नसताना विचारू नका. तालुका आणि छाटणीची तारीख एवढ्याने काम भागते.

व्यापाऱ्यांनी पैसे बुडवल्याच्या तक्रारी तुमच्याकडे नक्की येणार. द्राक्षपट्ट्यात हे दुखणे जुने आहे आणि लोकांना नाव घेऊन लिहायचे असते. धोरण पहिल्या दिवशीच ठरवा, नाहीतर एखाद्या रात्री कोणी फसवणुकीची कहाणी नावानिशी लिहील, सकाळी दुसऱ्या बाजूची नोटीस येईल, आणि धागा ठेवला तरी लोक बोलतील, उडवला तरी बोलतील.

गोदाकाठी

सर्वांचे आभार. दसरा रद्द केला आहे आणि दहा विभागही. निफाडच्या ताईंनी सुचवलेला अर्ज हाच संकेतस्थळाचा पाया करावा असे ठरवले आहे. छाटणीच्या तारखेवरून दिवस मोजणे हे प्रोग्रॅमच्या दृष्टीने अगदी सोपे काम आहे. देवळ्यात भावाचे सासर असल्यामुळे पहिले काही बागायतदार मिळतील. व्यापाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी नावाशिवायच घेतल्या जातील, असा नियम अटींमध्ये घालतो. व्हॉट्सॲपवरील जुनी चांगली उत्तरे लिहिणाऱ्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच नावाने आणायचा विचार आहे.

एक अडचण शिल्लक आहे. ज्यांची उत्तरे सर्वांत मोलाची आहेत, ते बहुतेक साठीच्या पुढचे असून टंकत नाहीत, ध्वनिसंदेश पाठवतात. त्यांना लिहिते कसे करावे?

निफाडची_बागायतदार

त्यांना लिहिते करण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांनी बोलावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. शेतीचे शिक्षण घेणारी मुले गावोगावी आहेत, त्यांना थोडे मानधन दिले तर ते हे काम आनंदाने करतील, आणि शिकतीलही. मूळ ध्वनिसंदेश उत्तराच्या खाली जोडून ठेवा, कारण अनेकांना तो आवाज ओळखीचा असतो आणि त्यावरच त्यांचा भरवसा असतो.

फोनमधील बोलून टंकण्याच्या सोयीवर मात्रेच्या बाबतीत अजिबात विसंबू नका. ‘दीड’ आणि ‘अडीच’ बरोबर उतरले तरी ते लिटरला की एकराला, हे बोलणारा गृहीत धरतो आणि लिहिणाऱ्याला कळत नाही. प्रकाशित करण्यापूर्वी मात्रेची ओळ त्यांना फोनवर वाचून दाखवून होकार घ्यावा आणि ज्याने वाचून दाखवली त्याचे नाव नोंदवावे.