मदत हवी आहे : पुण्यात खाकीशिवाय घरी येणारं कुणी आहे का?

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या सोडल्या की आधी झोप उडते, मग खोलीबाहेर येणं बंद. आजवर कुणावर हात उचललेला नाही, व्यसन नाही (हे विचारालच म्हणून आधी सांगतो). घरी सत्तरीचे आईबाबा, मी बंगळुरूला.

मागच्या खेपेला ११२ लावला. पोलीस नीटच बोलले, पण खाकी दिसताच त्याने बाथरूमची कडी लावली आणि दाराला भरलेली बादली टेकवून चार तास आत बसला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे (१४४१६) समुपदेशक छान बोलतात, पण फोनवरच. एक खासगी रुग्णालय म्हणालं, ‘पेशंटला घेऊन या.’ अहो, तेच तर जमत नाही!

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९४ नुसार कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत देऊ शकतो, आणि रुग्णाला हलवणंही त्यात येतं. कागदावर सोय आहे, पण येणार कोण? अमेरिकेत डेन्व्हरला २०२० पासून अशा कॉलवर ‘स्टार’ नावाच्या पथकाची व्हॅन जाते, त्यात समुपदेशक आणि आरोग्यसेवक असतात, पोलीस नाहीत.

कोथरूडमध्ये साध्या कपड्यांत घरी येणारा मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित परिचारक कुणाला माहीत आहे का? आणि थेट १०८ लावला, तर अशा वेळी ते पोलिसांना सोबत आणतातच का?