विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं, तेव्हा पायलट आणि टॉवर काय बोलले असतील?

सरिता, कोपरखैरणे
नमस्कार. जुलैमधली गोष्ट. आईला घेऊन नागपूरहून मुंबईला येत होते, तिचा पहिलाच विमानप्रवास. पाऊस जोरात होता. आमच्या डोक्यावरून रोज विमानं उतरायला जातात, त्यामुळे खाडी ओलांडली की दोन-तीन मिनिटांत टेकणार हे मला ठाऊक होतं. घाटकोपरच्या गच्च्यांवरची निळी ताडपत्री दिसली आणि एकदम इंजिनांचा आवाज वाढला, पाठ सीटला चिकटली. पुन्हा ढगात! आईने हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पाच-सात मिनिटांनी कॅप्टनने एवढंच सांगितलं, की आपण पुन्हा उतरायचा प्रयत्न करतोय. वीस मिनिटांनी उतरलो.

वर जायचं ठरवलं कोणी? दोघांच्या बोलण्यात काही गोंधळ झाला असेल का? आई अजून विचारते.

प्रसाद, ऐरोली
टॉवरनेच सांगितलं असणार. पुढचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नसेल. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. गर्दी होतेच.

नौपाड्याचे काका, ठाणे
सरिताताई, मी २९ वर्षं कंट्रोलर होतो, म्हणजे विमानांना रेडिओवरून वाट दाखवणारा. मुंबईत नव्हे, पण काम तेच. तुमच्या विमानाचं कारण मी घरी बसून ठरवणार नाही.

प्रसाद म्हणतात तसं टॉवर सांगू शकतो. पण वर जायला पायलटला कुणाची परवानगी लागत नाही. ढगांतून येताना हजार फुटांवर वेग आणि उतार जागेवर नसेल, २०० फुटांवर धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत, वाऱ्याने झटका दिला, की तो आधी वर जातो आणि मग कळवतो. दोनच शब्द: 'गोइंग अराउंड'. त्या क्षणी आम्ही 'का' असं विचारत नाही. पुढची उंची आणि दिशा देतो आणि गप्प बसतो. तिकडे चाकं वर घ्यायची असतात, फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या पट्ट्या, कमी करायचे असतात. आधी विमान सांभाळायचं, मग वाट, बोलणं सगळ्यात शेवटी. तुमच्या कॅप्टनला पाच मिनिटं फुरसत मिळाली नाही ती त्यामुळेच. आईंना सांगा, तो गप्प होता म्हणजे काम करत होता.

आता नेहमीचं बोलणं. अप्रोच कंट्रोलर दिशा आणि उंची देत विमानाला रांगेत आणतो. आयएलएस या उतरायच्या यंत्रणेचे रेडिओ किरण धावपट्टीची मधली रेषा आणि तीन अंशांचा उतार दाखवतात. विमान त्या रेषेवर आलं की पायलट 'एस्टॅब्लिश्ड' म्हणतो, मग त्याला टॉवरच्या फ्रीक्वेन्सीवर पाठवतात. कोपरखैरणेवर विमान दोन-सव्वादोन हजार फुटांवर असतं. टॉवर वारा सांगतो आणि म्हणतो, 'रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड टू लँड', म्हणजे २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरा. पायलट तेच परत म्हणतो. त्याला रीडबॅक म्हणतात, आणि माझ्या मते आमचं खरं काम त्यानंतरच सुरू होतं: तो ऐकणं.

एका पावसाळ्यात हवेचा दाब ९९८ हेक्टोपास्कल होता. विमानाचा उंचीमापक त्यावर लावतात. मी तो दिला. पायलटने परत म्हटलं, वन झीरो झीरो एट. माझ्या तोंडात पुढच्या विमानाची सूचना तयार होती आणि कान म्हणत होता, बरोबर आहे. कानाला जे अपेक्षित असतं तेच ऐकू येतं. मी पुढचं वाक्य सुरूसुद्धा केलं होतं. मध्येच थांबून म्हटलं, 'निगेटिव्ह, नाइनर नाइनर एट'. दहा हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८० फूट. त्याच्या उंचीमापकात विमान प्रत्यक्षापेक्षा तेवढं वर दिसलं असतं, आणि दिवे दिसले की नाही हे ठरवायची उंची होती २०० फूट. तो फक्त 'थँक यू' म्हणाला. ड्यूटी संपल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही.

तन्वी, वाशी
काका, मी आरटीआरच्या, म्हणजे विमानाचा रेडिओ वापरायच्या परवान्याच्या, तोंडी परीक्षेची तयारी करतेय. नाइनर, ट्री, फाइफ हे नऊ, तीन, पाचचे रेडिओवरचे उच्चार घोकताना कधी कधी वाटतं, एवढं कशाला. तुमचं ९९८ वाचून आज पुन्हा पहिल्यापासून बसले. पण रीडबॅक बरोबर आला तरी अपघात होतोच ना? चरखी दादरी?

नौपाड्याचे काका, ठाणे
होतो. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेतच आदळली, ३४९ माणसं गेली. उतरायला येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंत यायला सांगितलं होतं, समोरून १४,००० वर सौदी विमान येत होतं. १५,००० वर पोहोचल्याचं कझाक विमानातून कळवलंही गेलं, आणि विमान मात्र खाली येत राहिलं. रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान उडवणारे वेगळे. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची उंची दिसत नव्हती, कंट्रोलरला शब्दावरच विसंबावं लागलं. तन्वी, रेडिओवर 'लेव्हल' म्हणशील तेव्हा आधी उंचीमापकाच्या काट्याकडे बघ.

सरिता, कोपरखैरणे
काका, आईला शब्दन् शब्द वाचून दाखवलं. तिचा एक प्रश्न आहे: वर गेल्यावर पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं का? तेवढ्यात इंधन संपलं तर?

नौपाड्याचे काका, ठाणे
आईंना नमस्कार सांगा, प्रश्न अगदी मोक्याचा आहे. रांगेत जिथे जागा होईल तिथे घेतात. इंधनाचा हिशोब करताना हे धरलेलंच असतं. नियमाप्रमाणे उतरतानासुद्धा अर्धा तास उडता येईल एवढं टाकीत उरायला हवं. त्यात हात घालावा लागेल असं दिसलं, तर पायलटने तीन वेळा 'मेडे' हा संकटाचा शब्द आणि पुढे 'फ्युएल' म्हणायचं. मग आम्ही बाकी सगळ्यांना बाजूला करतो. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कला आव्हियांकाचं विमान तासाहून जास्त घिरट्या घालून उतरायला आलं, उतरता आलं नाही म्हणून वर गेलं आणि इंधन संपून पडलं. ७३ जण गेले. इंधन संपत आलंय असं ते रेडिओवर बोलले होते, पण 'इमर्जन्सी' हा शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही, आणि कंट्रोलरने त्यांना इतर विमानांसारखंच लांब वळसा देऊन रांगेत आणलं. तुमच्या पायलटने 'मेडे' म्हटलं असतं, तर तुम्ही वीस मिनिटं ढगात फिरला नसतात.